रंजनाबाईची खिडकी

कूलर घरघरत होता, तरी शांतीलाल आप्पांच्या हॉलमध्ये बसलेल्या दोघांच्याही बनियनी पाठीला चिकटल्या होत्या.

मे महिन्याचं कोरडं ऊन या कूलरने बऱ्यापैकी निभावून नेलं होतं. पण जून लागला, दोन सरी पडून गेल्या आणि नंदुरबारची हवाच बदलली. ऊन कमी झालं, पण उकाडा असा की बसल्या जागी मानेवरून घाम ओघळावा. कपडे वाळत नव्हते, मीठ पाणी सोडत होतं आणि कूलरचं तोंड ज्याच्याकडे असेल त्यालाच जास्त गुदमरायला होत होतं.

"शांतीलाल, तुन्हा कूलर वारा देस का वाफ देस रे भो?" प्रेमचंदने उपरण्याने तोंड पुसत विचारलं.

प्रेमचंद म्हणजे आप्पांचा जुना सोबती. दोघेही बाजार समितीत मापाडी होते. मिरचीची पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्याने पुकारायचं, यात दोघांची उमर गेली. निवृत्त झाल्यापासून प्रेमचंद रोज दुपारी आप्पांकडे येई. दोघे पत्ते खेळत, चहा पीत आणि आपसात अहिराणीतच बोलत.

"बिघडना शे काहीतरी," आप्पा म्हणाले. "तीन दिन व्हई गयात." मग आत वळून त्यांनी आवाज दिला, "संध्या, दोन कप चहा टाक गं! आणि ते दार लोटून घे. गारवा जातो."

स्वयंपाकघराचं दार आतून लोटलं गेलं.

घराची रचना अशी. पुढे स्लॅबचा हॉल, बाजूला एक खोली आणि मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. हॉलच्या पुढच्या खिडकीत कूलर बसवला होता. बाकीच्या खिडक्या आप्पांनी घट्ट लावून घेतल्या होत्या, वर जाड पडदे सोडले होते. गारवा बाहेर जाऊ नये, हा त्यांचा नियम. या नियमाबाबत ते घरच्यांशी फार कडक होते.

संध्या, त्यांची सून, चहा घेऊन आली. तिला सातवा महिना चालू होता. साडीचा पदर ओला करून तिने डोक्यावर घेतला होता आणि गळ्यावर घामोळ्यांचा लाल पट्टा उमटला होता. कप ठेवून ती क्षणभर कूलरसमोर थांबली.

"काही पाहिजे का?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा," ती म्हणाली आणि आत गेली. दार पुन्हा लोटलं गेलं.

आप्पा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. सुनेला ते कधी उणा शब्द बोलले नव्हते. मापाडी म्हणून आयुष्यात कुणाच्या पोत्यात छटाकभर खोट केली नव्हती. डोंगरातून मिरची घेऊन आलेला माणूस असो की गावातला बडा शेतकरी, काटा सगळ्यांना सारखा. "शांतीलालचा काटा" असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून आप्पांना बरं वाटायचं.

पण पुढच्या रविवारी घरात वर्षश्राद्ध होतं. त्यांची बायको रंजनाबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. पन्नाससाठ माणसं जेवायला येणार होती, आणि एवढी माणसं या कोंदट हॉलमध्ये बसवायची कशी, याची आप्पांना काळजी लागली होती. वर्षभरात त्यांनी रंजनाबाईचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. "भूपेशची आई" एवढंच म्हणत. तिचं कार्य तरी नीट व्हावं, कुणी घामाघूम होऊन अर्ध्या ताटावरून उठू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मोठा कूलर ली ले नवा," प्रेमचंद म्हणाला.

"आधी याकूबले बलावस," आप्पा म्हणाले. "तो देखी लेवो."

याकूब दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो मूळचा नवापूरकडचा. कूलर, पंखे, मोटारी दुरुस्त करायचा. मोटारसायकलला पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी आणि तोंडाला टाळा नाही, अशी त्याची ख्याती होती.

"आप्पा, याला काय झालंय?" त्याने कूलरच्या पाठीवर थाप मारली.

"गार करत नाही. वाफ सोडतो."

याकूबने कूलर उघडला. पंप पाहिला, गवताच्या जाळ्या काढून झटकल्या, पंख्याची पाती फिरवून पाहिली. मग कूलर सुरू करून तो हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळीकडे बघू लागला. बघता बघता त्याची नजर कूलरसमोरच्या भिंतीवरल्या फोटोवर गेली. रंजनाबाईचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. खाली आप्पा सकाळ-दुपार लावत ती उदबत्ती जळत होती.

"आप्पा, धूर बघा."

"काय झालं धुराला?"

"कूलर एवढा जोरात चालू आहे, आणि उदबत्तीचा धूर छताखाली ढगासारखा साचून राहिलाय. जातच नाही कुठे."

"मग?"

"मग काय! कूलर ठणठणीत आहे. बिघडलंय तुमचं घर."

आप्पांच्या कपाळावर आठी पडली. "घराला काय धाड भरलीय?"

"सांगतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, बरोबर? आतली हवा बाहेर गेली, तर नवी आत येणार. तुम्ही सगळ्या खिडक्या बंद करून बसलात. भरलेल्या पोत्यात आणखी मिरची कोंबता येईल का? तोंड शिवलंय पोत्याचं! आणि आता हवेत आधीच ओल आहे, त्यात तुम्ही पंप चालू ठेवून आणखी पाणी सोडताय. वाफच होणार. अशा दिवसांत पंप बंद, नुसता पंखा चालवायचा, आणि समोरच्या बाजूला हवेला वाट द्यायची."

"खिडकी उघडली की गारवा जातो."

"खिडकी उघडली की गरमी जाते, आप्पा. उलटं समजून बसलात तुम्ही." याकूब हसला. "समोरची बाजू कोणती? मागे काय आहे?"

"स्वयंपाकघर."

"चला बघू."

"स्वयंपाकघरात तुझं काय काम?"

"वारा पुरुषांचाच आहे का, बायकांकडे जात नाही?" म्हणत याकूबने दार ढकललंसुद्धा.

आप्पाही मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले. उंबरा ओलांडायची त्यांना सवय नव्हती. पाणी हवं तर हाक मारायची, ताट हवं तर हाक मारायची. या घरात बत्तीस वर्षं राहून स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा कुठे असतो, हे त्यांना सांगता आलं नसतं.

आत संध्या पोळ्या लाटत होती. पत्रा डोक्यावर तापला होता. भिंतीला एकच खिडकी होती, लाकडी, दोन झडपांची. आणि त्या दोन्ही झडपांवर आडवी पट्टी मारून खिळे ठोकलेले होते.

"हे कोणी केलं?" याकूबने विचारलं.

"मीच," आप्पा म्हणाले. "मागे तेव्हा मिरचीची पथारी होती."

नंदुरबारकरांना पथारी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मिरचीच्या मोसमात मोकळ्या जागेवर मिरची वाळत घालतात. लांबून पाहिलं तर जमिनीवर लाल चादर अंथरल्यासारखी दिसते. जवळ राहणाऱ्याला मात्र तिचा ठसका कळतो. आप्पांच्या घरामागे अशी पथारी होती. एकदा पाहुणे जेवायला बसले असताना वारा फिरला आणि सगळी पंगत खोकायला लागली. आप्पांना लाज वाटली. त्याच संध्याकाळी त्यांनी हातोडी घेऊन खिडकी ठोकून टाकली.

"पथारी कुठेय आता?" याकूबने विचारलं.

"गेली गावाबाहेर. झाली दहाअकरा वर्षं."

"म्हणजे मिरची गेली, खिळे राहिले!"

संध्या तोंडाला पदर लावून हसली. आप्पांना ते आवडलं नाही.

"याकूबभाऊ, तू कूलर दुरुस्त करायला आलास. घर दुरुस्त करू नको. रविवारी पन्नास माणसं येतील, मागच्या मोकळ्या जागेवरून येणारे-जाणारे आत डोकावतील, धूळ येईल..."

"आप्पा, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय," याकूब आता गंभीर झाला. "कूलरचा दोष नाही. तुमचा हॉल गार होण्याची वाट या खोलीतून जाते. इथली हवा कोंडली की तिथलीही कोंडते. आणि तुमचं सोडा. ही पोर दोन जिवांची आहे. तुम्ही दोन तास पत्ते खेळता तेव्हा उकडतं म्हणून मला बोलावलं. ती इथे दिवसाचे सहा तास उभी असते. तिच्यासाठी कधी कुणाला बोलावलं का?"

"बायकांना सवय असते."

"सवय!" याकूब एकदम म्हणाला. "मीपण हेच म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात एस्तेरने, माझ्या बायकोने, लाटणं माझ्या हातात दिलं आणि मुलांना घेऊन माहेरी गेली. दोन दिवसांत मी पत्र्यावर बांबूच्या ताट्या बांधल्या, भिंतीत जाळी काढली. स्वतःला चटका बसला की अक्कल फार पटकन येते. आप्पा, तुम्ही मापाडी. माप न घेता वजन पुकाराल का?"

"कधीच नाही."

"मग एका वेळचा स्वयंपाक इथे उभं राहून करा. मग मला सांगा सवय असते की नसते."

कामाचे पैसे याकूबने घेतले नाहीत. "दुरुस्त काहीच केलं नाही तर कशाचे घेऊ?" म्हणाला आणि पिशव्या अडकवून निघून गेला. आप्पांनी दारातूनच "जास्तच बोलतो हा" म्हणून डोकं हलवलं, पंप पुन्हा सुरू केला आणि कूलरसमोर बसले. छताखाली उदबत्तीचा धूर तसाच साचून होता. आता तो दिसल्याशिवाय राहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा भूपेश नेहमीसारखा एसटीच्या ड्यूटीवर गेला. तो कंडक्टर होता, शहाद्याच्या गाडीवर. नऊच्या सुमारास स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. आप्पांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

आप्पा धावले. संध्या ओट्याला टेकून खाली बसली होती. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. "काही नाही आप्पा, डोळ्यांपुढे अंधारी आली," ती पुटपुटली.

आप्पांनी तिला धरून बाहेर आणलं. हॉलमध्ये आडवं केलं, लिंबाचं सरबत पाजलं. गल्लीतल्या नर्सबाई धावत आल्या, रक्तदाब पाहिला, पोटाला हात लावून पाहिलं, आणि आप्पांकडे वळून स्पष्ट बोलल्या.

"बाळ ठीक आहे. पण आप्पा, ही उष्णतेनं पडली. परत त्या भट्टीत तिला उभं करू नका. अशा अवस्थेत उष्णता म्हणजे खेळ नाही. दोघांच्याही जिवावर बेतू शकतं."

नर्सबाई गेल्या. संध्या उठायला लागली. "आप्पा, तुमचं जेवण..."

"पडी ऱ्हाय!" आप्पा ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आज मी करतो."

संध्याने डोळे मोठे केले. "तुम्ही?"

"त्यात काय? खिचडी करतो."

आणि आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कामासाठी तो उंबरा ओलांडला.

पहिली पाच मिनिटं डबे शोधण्यात गेली. तांदळाच्या डब्यात हरभरा निघाला, डाळीच्या डब्यात रवा. "संध्या, मोहरी?" "खालच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात." "ही मेथी दिसते." "मग दुसरा डबा!" पुढची पाच मिनिटं कांदा कापण्यात गेली, आणि तोवर बनियन पिळून काढण्यासारखी झाली. वर पत्रा, समोर गॅस, मागे सवयीने लोटलेलं दार. घाम डोळ्यांत उतरला. पुसावा तर हाताला कांदा. आप्पांना वाटलं, दार उघडावं. पण लगेच स्वतःचंच वाक्य आठवलं, गारवा जातो. तेवढ्यात तेल तापलं. त्यांनी मोहरी टाकली, आणि अंदाज नसल्याने सुक्या लाल मिरच्या मूठभर टाकल्या.

ठसका म्हणजे ठसका! ज्या ठसक्याला घराबाहेर ठेवण्यासाठी त्यांनी खिडकी ठोकली होती, तो आता घराच्या आत, त्यांच्यासोबत कोंडला गेला. पस्तीस वर्षं मिरचीत काढलेला माणूस, पण छातीत हवा शिरेना. खोकून खोकून ते वाकले. दार कुठे, ओटा कुठे, काही दिसेना.

हॉलमधून संध्याचा आवाज आला, जीव तोडून.

"आप्पा! खिडकीना खालना कोपराले तोंड लावा! तठे भोक शे!"

आप्पांनी चाचपडत खिडकी गाठली. उजव्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यात बोटं लागली. खरंच, दोन बोटं मावतील एवढं भोक होतं. त्यांनी तोंड लावलं. बाहेरची हवा आत आली. ती हवा गरमच होती, पण हवा होती. त्यांनी एक श्वास घेतला. मग दुसरा.

श्वास जागेवर आला तसा त्यांनी गॅस बंद केला आणि त्या भोकाकडे नीट पाहिलं. ते उंदराने केलेलं नव्हतं. लाकूड कशाने तरी टोकरून टोकरून पाडलेलं होतं. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, हात लागून लागून तेलकट. आप्पा बरेच उंच होते, त्यांना तिथवर वाकावं लागलं होतं. ज्या बाईची उंची त्यांच्या खांद्याएवढी होती, तिच्या तोंडाशी ते बरोबर आलं असतं.

ते दार उघडून हॉलमध्ये आले. डोळे लाल, नाकातून पाणी.

"संध्या, ते भोक कोणी पाडलं?"

संध्या पदर सावरत उठून बसली.

"सांग पोरी."

"आईंनी," ती म्हणाली. "उलथन्याच्या दांड्यानं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ते दाखवलं. म्हणाल्या, 'पोरी, जीव घाबरना का आठे तोंड लाव. तुन्हा सासराले मी बारा वरीस सांगं, खिडकी उघडा, खिडकी उघडा. आते सांगनं सोडी दिन्हं.'"

आप्पा खाली बसले.

हो, सांगितलं होतं तिने. दर उन्हाळ्यात सांगितलं होतं. आणि ते दर वेळी "देखू, देखू" म्हणाले होते. नाही असं ते कधीच म्हणाले नव्हते. म्हणून तर त्यांना वाटत होतं, आपण बायकोला कधी दुखावलं नाही! खिळे उपटायला अर्धा तास लागला असता. त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी ती बारा वर्षं मागणी करत राहिली, आणि मग उलथन्याच्या दांड्याने स्वतःपुरती हवा टोकरून घेतली.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. फोटो बरोबर कूलरसमोर लावला होता. जिवंतपणी रंजनाबाईला कूलरसमोर निवांत बसलेलं या घरात कुणी पाहिलं नव्हतं!

"शांतीलालचा काटा," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "बाजारात सरळ आणि घरात वाकडा. बत्तीस वर्षं वाकडा!"

मग ते उठले. माळ्यावरची पक्कड काढली.

दुपारी प्रेमचंद पत्ते घेऊन आला, तर हॉलमध्ये कुणी नाही. कूलरचा पंप बंद, दारं सताड उघडी. आतून करकर आवाज येत होता. त्याने डोकावून पाहिलं. शांतीलाल स्टुलावर चढून खिळे उपटत होता. ओट्यावर खिचडीची करपलेली फोडणी. सून खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली आणि हसत सूचना देत असलेली.

"अरे भो, हाई काय देखी ऱ्हायनू मी!" प्रेमचंद म्हणाला. "शांतीलाल चुल्हाजोडे? सुनबाईनी नोकरीले ठेयं का?"

"हासू नको. आठे ये."

"मन्हं काय काम आठे?"

"ये म्हंतस ना. हाई पट्टी धर. ओढ."

दोघा म्हाताऱ्यांनी मिळून पट्टी ओढली. शेवटचा खिळा गंजलेला, हट्टी. "माणसासारखाच आहे," संध्या हळूच म्हणाली, आणि आप्पा चक्क हसले. खिळा निघाला. आप्पांनी झडपा ढकलल्या. इतक्या वर्षांनी बिजागऱ्या कुरकुरल्या, आणि खिडकी उघडली.

बाहेर मोकळी जागा होती, एक लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली एक शेळी. बस्स. याच्यासाठी इतकी वर्षं खिडकी बंद होती!

कूलरचा नुसता पंखा सुरू होता. पुढून आलेला वारा हॉलमधून आला, स्वयंपाकघरातून गेला, खिडकीतून बाहेर पडला. अंगावरचा घाम सुकायला लागला. प्रेमचंद मध्येच उभा राहून मान इकडेतिकडे करू लागला. "आयला," तो म्हणाला. "हॉलमा भी गार लागी ऱ्हायनं."

"याकूब खरं सांगस होता," आप्पा म्हणाले. "आणि भूपेशनी माय बी." मग थांबले आणि नीट बोलले, "मन्ही रंजना खरं सांगस होती."

वर्षभरात त्यांनी ते नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. संध्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

रविवारपर्यंत घरात बरंच काही झालं. सुतार येऊन झडपांना नव्या बिजागऱ्या लावून गेला. "आप्पा, हे भोक बुजवू का?" त्याने विचारलं, तेव्हा आप्पा इतक्या जोरात "नाही" म्हणाले की त्याच्या हातचा रंधा थांबला. भूपेशने सुट्टी काढली आणि बापलेकांनी पत्र्यावर वीतभर अंतर सोडून बांबूच्या ताट्या बांधल्या, म्हणजे ऊन ताट्यांवर पडेल आणि मधून वारा खेळेल. याकूब स्वतःहून आला, खिडकीच्या वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून गेला. या वेळी मात्र त्याने कामाचे पैसे घेतले. म्हणाला, "आता खरंच काहीतरी दुरुस्त झालं."

वर्षश्राद्धाला माणसं आली. स्वयंपाक मागच्या लिंबाखाली मांडला होता. याकूब आणि एस्तेर आले होते, आणि एस्तेरने आल्या आल्या "मला बसायचं ताट नको, काम द्या" म्हटलं. पण आप्पांनी सगळ्या बायकांना हॉलमध्ये, वाऱ्याच्या वाटेवर बसवलं. त्या दिवशी पहिली पंगत बायकांची झाली. नात्यातली एक म्हातारी अवघडून म्हणाली, "आप्पा, पुरुषमंडळी थांबलीय ना." आप्पा म्हणाले, "थांबू द्या मावशी. तुम्ही आजवर थांबलात, त्यांनी एक दिवस थांबायला काय झालं?"

पुरुषमंडळी मागे पुऱ्या लाटत होती. आप्पांनी नियमच केला होता. ज्याला जेवायचंय त्याने आधी पाच मिनिटं कढईजवळ उभं राहायचं. प्रेमचंदच्या पुऱ्या खानदेशच्या नकाशासारख्या होत होत्या आणि सगळे त्याला हसत होते. संध्या उघड्या खिडकीपाशी खुर्चीवर बसून "काका, कडा पातळ करा" म्हणत होती.

"पाच मिनिट व्हई गयात का?" प्रेमचंदने कपाळ पुसत विचारलं.

"दोन व्हयनात."

"दोनच?" प्रेमचंदने लाटणं खाली ठेवलं. त्याची थट्टा एकदम ओसरली. "शांतीलाल, मन्हा घरनं स्वयंपाकघर... त्याले तर खिडकीच नही शे भो."

"मंग?"

"मंग काय! उद्या भिंत फोडस."

सगळे हसले, पण तो खरंच बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरून घणाचे आवाज आले, आणि त्याची बायको गल्लीत येऊन सगळ्यांना सांगू लागली, "देखा, देखा, म्हताराले काय व्हयनं!"

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरातही एक हॉल असतो आणि एक स्वयंपाकघर असतं. पंखा कुठे आहे, कूलर कुठे आहे, खिडकी कुठे आहे आणि खिळे कुठे आहेत, हे एकदा फिरून पाहा. दुपारी बारा वाजता पाहा. घर गार करायचं तर आधी घरातल्या सगळ्यात गरम खोलीत जाऊन उभं राहावं लागतं. जिथे आपली माणसं आपल्यासाठी घाम गाळतात, तिथली हवा मोकळी केल्याशिवाय बाकीच्या खोल्यांना गारवा येत नाही. आणि कुणी आपलं माणूस काही मागत असेल, तर "देखू" म्हणू नका. आजच पक्कड काढा. मागणारं माणूस कायम मागत राहत नाही. एक दिवस ते मागणं सोडतं, आणि एक दिवस ते निघून जातं.

त्या रविवारी सगळे गेल्यावर आप्पांनी फोटोसमोर नवी उदबत्ती लावली आणि समोर बसले. धूर थोडा वर गेला, वाकला आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारातून, ओट्यावरून, उघड्या खिडकीतून बाहेर पडला.

"रंजना," आप्पा म्हणाले, "देखं का?"

मग ते उठले, चहाचं आधण ठेवलं, आणि तीन कप काढले. एक भूपेशला, एक स्वतःला. पहिला कप संध्याला दिला.